पर कापलेले मासे

आमचे हे रिटायर झाले आणि माझे हाल सुरू झाले. नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात जन्मभर पंपांची डिझाइनं केलेला माणूस सोमवारी सकाळी किचनमध्ये आला आणि माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावायला लागला. हळद कुठे गेली ते मला दुपारपर्यंत सापडेना. डिशवॉशरमध्ये ताटांची तोंडं कुठल्या दिशेला हवीत यावर एक लेक्चर झालं, फ्रिजचं दार किती वेळ उघडं ठेवायचं यावर दुसरं. काही दिवस मी सोसलं. मग म्हटलं, "अहो, गाडी काढा आणि बाहेर पडा. कुठेही जा, पण जेवणाच्या वेळेआधी परत येऊ नका."

रागाने निघाले ते आमच्या रिचमंड हिलहून पूर्वेला जात राहिले. परत आले ते अंधार पडताना, गुडघ्यापर्यंत भिजलेले आणि अंगाला माशांचा वास. माझे सासरे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा घरात येऊ देत नसत, आणि त्यांचा हा मुलगा माशांच्या वासाने घमघमत दारात उभा. मी मालवणची. मला त्या वासाचं वावडं नाही, पण तो ह्यांच्या अंगाला बघून हसू आवरेना.

झालं होतं असं. एका ओढ्याच्या कडेला ह्यांना पत्र्याची एक शेड दिसली. आत एक गोरा म्हातारा पंपाशी झटापट करत होता आणि पंपाला शिव्या घालत होता. ह्यांनी नाव नाही, गाव नाही, सरळ जाऊन सांगितलं, "हा पंप तुम्ही उलटा बसवलाय." दुसरा कुणी असता तर चिडला असता. म्हाताऱ्याने पाना ह्यांच्या हातात दिला.

तो म्हातारा म्हणजे मास्तर. हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवून रिटायर झालेले, म्हणून आमच्या घरात ते मास्तर. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने खूप वर्षांपूर्वी, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब जमवून ती शेड उभी केली होती. बायको आता नव्हती. मुलगी पश्चिमेला, व्हँकुव्हरकडे, आणि 'बाबा, आता इकडे या' म्हणून तिचा सारखा धोशा. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे, "मी आलो तर शेड कोण बघेल?"

शेडमध्ये काय चालायचं ते सांगते. स्टीलहेड नावाचा मासा या भागातल्या ओढ्यांत जन्मतो, थोडा मोठा झाला की वाहत वाहत लेक ऑंटारिओत जातो, तिथे खाऊन-पिऊन हातभर होतो, आणि अंडी घालायला पुन्हा ओढ्यात येतो. हे लोक वसंतात काही मोठे मासे पकडून त्यांची अंडी शेडमध्ये आणत, पिल्लं टाक्यांत वर्षभर वाढवत आणि पुढच्या वसंतात ओढ्यात सोडत. आपण पिल्लं सोडली की मोठे मासे जास्त परत येणार, असा सरळ हिशेब. मलाही तो पटला होता. कुणालाही पटेल.

आता ह्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ह्यांना खरं बोलायचा रोग आहे. मराठी मंडळाच्या नाटकानंतर कुणी हौसेने विचारलं, "कसं झालं?" तर सगळे म्हणतात "छान झालं", आणि हे म्हणत, "दुसरा अंक काढून टाकला असता तर बरं झालं असतं." तेही नायिकेच्या नवऱ्याला. लोक वाईट नव्हते, पण हळूहळू आम्हाला बोलावणं आलं की ते मला यायचं आणि हे सोबत यायचे. या देशात येऊन इतकी वर्षं झाली, ह्यांना एक मित्र नव्हता. मला वाटायचं की ह्यांना त्याचं काही वाटतच नाही. मास्तर भेटल्यावर कळलं की किती वाटत होतं. शनिवारी सकाळी हा माणूस शीळ घालत दाढी करायला लागला. लग्नानंतर मी ती शीळ पहिल्यांदा ऐकली.

आणि तिथेही ह्यांनी आपला रोग बाहेर काढलाच. एका शनिवारी टाक्या घासता घासता मास्तरांना विचारलं, "हे सोडलेले मासे परत येतात कशावरून?"

"ओढ्यात मासे आहेत ना," मास्तर म्हणाले.

"ते तुझेच कशावरून? ओढ्यातच जन्मलेले नसतील कशावरून?"

मी तिथेच थर्मासमधून चहा ओतत होते. मला वाटलं, झालं, हीही मैत्री संपली. मास्तरांनी ब्रश बादलीत ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्या बायकोनेही मला एकदा हेच विचारलं होतं. चल, शोधून काढू."

शोधून काढायची रीत अशी. सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा इवलासा पर कात्रीने कापायचा. तो पुन्हा उगवत नाही आणि त्याच्यावाचून माशाचं काही अडतही नाही. दोन-तीन वर्षांनी मोठे मासे परत आले की बघायचं. पर नाही तो आपला, पर आहे तो ओढ्याचा. सरकारी परवानगी घेऊन क्लबच्या लोकांनी हे काम अंगावर घेतलं. पिल्लांना गुंगी आणायला पाण्यात लवंगेचं तेल घालत. अख्ख्या शेडला पुलावाच्या पातेल्यासारखा वास. मीही हातमोजे घालून बसले. बोटाएवढं पिल्लू तळहातावर गाढ झोपलेलं, कल्ले तेवढे हलतायत. कात्री लावायच्या आधी माझ्या तोंडून दर वेळी "उगी, उगी" निघायचं. शेजारच्या बाईने विचारलं की हा माशांसाठीचा मंत्र आहे का. मी हो म्हणून टाकलं.

पहिल्या वर्षाची पिल्लं सोडली, आणि त्या हिवाळ्यात मास्तरांच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. नव्या पिल्लांना खाऊ घालायचं काम ह्यांच्याकडे आलं. मास्तरांनी हॉस्पिटलच्या पलंगावरून बजावलं होतं, खाणं मोजून एक माप, जास्त नाही. ह्यांना मोजून द्यायला सांगायची गरज काय? घरी चहात साखर सपाट चमच्याने घालणारा माणूस.

एकदा बर्फ फार होतं म्हणून मी सोबत गेले. बूट झटकून आत शिरते तर हे टाकीवर वाकलेले, आणि मराठीत चाललंय, "घ्या. अजून घ्या. लाजू नका. तू रे, तुला मिळालं नाही वाटतं?" आणि मापामागून माप. मी बघतच राहिले. आमच्या घरी पाहुणे जेवायला आले की आग्रह करायचं काम माझं. पाहुणा नको नको म्हणतो, आपण हात आडवा असतानाही त्यातून श्रीखंड वाढतो, हा आपला शिष्टाचार. हे त्यावर कायम वैतागत, "नको म्हणतोय ना तो, का त्याच्या पोटावर उठलीस?" आणि इथे हा अन्नपूर्णेचा अवतार!

"अहो, एक माप सांगितलंय ना?"

"अगं, वर येऊन बघतात," हे म्हणाले. "तोंड उघडून बघतात. उपाशी कसं ठेवायचं?"

मी चिडवलं खूप, पण थांबवलं नाही. मला ते बघायला फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पिल्लं अशी टरारली की वसंतात काठी टेकत आलेले मास्तर टाकीपाशी उभेच राहिले. म्हणाले, "असे मासे या शेडने कधी पाहिले नाहीत." क्लबच्या लोकांनी ह्यांची पाठ थोपटली. त्यानंतर खाऊ घालायचं काम कायमचं ह्यांच्याकडेच राहिलं. ती गुबगुबीत पिल्लं ओढ्यात सोडली तेव्हा बरीचशी लेककडे जायचं सोडून शेडच्या खालच्या डोहातच घुटमळत राहिली. आम्हाला वाटलं, लळा लागलाय बिचाऱ्यांना.

मग वाट बघणं. तोवर आमचं शनिवारचं आयुष्य ठरून गेलं होतं. सकाळी शेड, दुपारी मास्तर आमच्याकडे जेवायला. तिखट सोसायचं नाही, पण नाक पुसत पुसत सोलकढीच्या दोन वाट्या प्यायचे. ह्यांनी सांगितलं की तुझं नवं बुकशेल्फ डावीकडे कललंय, तर मास्तर घरी जाऊन लेव्हल लावून फोन करायचे, "कललंय खरं." दोघांना एकमेकांचा कधी राग आला नाही असं नाही, पण तो पुढच्या शनिवारपर्यंत टिकायचा नाही.

ओढ्यावर खाली एक जुना बंधारा आहे. वर येणाऱ्या माशांसाठी त्याच्या कडेने पाण्याच्या पायऱ्या केल्यात. तिथे मासे जाळीत थांबवायचे, एकेक उचलून बघायचा आणि वर सोडायचा. पहिल्या वर्षाची पिल्लं मोठी होऊन यायची वेळ झाली त्या वसंतात आम्ही सगळे तिथे. मी ब्लँकेट गुंडाळून घडीच्या खुर्चीवर. हे पाण्यात उभे राहून मासा हातात घेत, पाठीवरून बोट फिरवत आणि ओरडत, "आहे." म्हणजे पर आहे. म्हणजे आपला नाही. पुढचा, "आहे." त्याच्या पुढचा, "आहे." मी अशी बाई की मासा दिसला की मला कोकम आठवतं, पण त्या दिवशी एवढे चांदीसारखे मासे बघूनही कोकमाची आठवण झाली नाही. मधेच एखादा बिनपराचा यायचा, लोक टाळ्या वाजवायचे, मास्तर काठी वर करायचे. पुन्हा "आहे", "आहे".

"अजून लवकर आहे," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बिनपराचे आले, नाही असं नाही, पण बोटांवर मोजण्याइतके. क्लबमध्ये कुजबुज सुरू झाली. शेड चालवायची की बंद करायची ते हिवाळ्याच्या मीटिंगमध्ये ठरवायचं ठरलं, आणि मोजणी ह्यांनी केली म्हणून निकालही ह्यांनीच सांगायचा होता.

मीटिंगच्या आधी मत्स्य खात्यातली एक तरुण मुलगी क्लबमध्ये बोलायला आली होती. बोलता बोलता ती म्हणाली की लहानपणी फार खायला मिळालं तर हा मासा लेककडे जातच नाही. ओढ्यातच राहतो, तिथेच लवकर वयात येतो आणि लहानच राहतो. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. 

घरी आल्यावर मीच विषय काढला. मला तर सुटकाच दिसत होती त्यात. म्हटलं, "अहो, देवासारखी धावून आली ती पोरगी. मीटिंगमध्ये सांगा की मी जास्त खाऊ घातलं, म्हणून मोजणी बिघडली. पुन्हा पहिल्यापासून करू म्हणा. अजून चार-पाच वर्षं शेड चालेल."

"ते मी सांगणारच आहे," हे म्हणाले. "पण ती सगळी गोष्ट नाही. पहिल्या वर्षीच्या पिल्लांना मास्तरांनी मोजूनमापून घातलं होतं. तीही आली नाहीत."

"ते सांगायलाच हवं का?"

"अगं, ओढ्यात जन्मलेले मासे भरपूर आहेत. किडे तेवढेच, जागा तेवढीच. आपण पिल्लं ओततो, ती त्याच किड्यांवर तुटून पडतात, आणि शेवटी मोठे मासे होतात तेवढेच होतात. त्या ओढ्याला आपली गरज नाही."

"ओढ्याला नसेल," मी म्हटलं. "तुम्हाला आहे. शेड गेली की मास्तर मुलीकडे जाणार. मग शनिवारी काय करणार? माझे डबे लावणार?"

 ह्यांनी कोट घातला आणि ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढायला बाहेर गेले. बाहेर बर्फ बोटभरसुद्धा नव्हतं. मी खिडकीतून बघत होते, हे कोरडं डांबर खरवडत होते. मला त्यांची इतकी दया आली आणि इतका संताप आला की भाजी लागली ते कळलं नाही.

मीटिंग कम्युनिटी हॉलच्या बेसमेंटमध्ये होती. हे उभे राहिले. आधी खाण्याचं सांगितलं. "माझी चूक आहे. आमच्याकडे समोरच्याला भूक आहे असं वाटलं की वाढतच राहतात." लोक हसले, प्रेमानेच हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग ही मोजणी काही खरी नाही. चालू ठेवा शेड!" टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, बसा आता खाली. देवा, बसव ह्यांना.

पण मास्तर बोलले. बसूनच, काठीवर दोन्ही हात ठेवून. "तू माझ्या जागी असतास तर येत्या वसंतात अंडी आणली असतीस का?"

 मी ह्यांच्याकडे बघून 'हो म्हणा' अशी मान हलवत होते, ह्यांना दिसलंही असेल.

"नाही," हे म्हणाले. "आणली नसती." आणि पहिल्या वर्षीच्या पिल्लांचं सांगितलं, ओढ्याचं सांगितलं.  मग हात वर झाले. शेड बंद करायच्या बाजूने पहिला हात मास्तरांचा होता.

त्यानंतरच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. हे सवयीने लवकर उठायचे, दाढी करायचे आणि तयार होऊन सोफ्यावर बसायचे. मी धड बोलत नव्हते. जे बोलत होते ते भांड्यांशी. एकदा तोंडून निघूनच गेलं, "खरं बोलून काय मिळालं?" ह्यांनी पेपर उलटला.

मग एक दिवस बेल वाजली. इकडचे लोक आधी फोन केल्याशिवाय कुणाच्या दारात उभे राहत नाहीत, आणि मास्तर फोन न करता उभे. मी काही न विचारता ताट घेतलं. आमटी-भात, वांग्याची भाजी. जेवता जेवता ह्यांना म्हणाले, "राग आला होता. अजून थोडा आहे."

"हो," हे म्हणाले.

"पण माझ्या बायकोने विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं. तिला मी तेव्हा म्हटलं होतं, काहीतरी खुसपट काढू नकोस." त्यांनी भातावर आमटी घेतली. मग म्हणाले, "टाक्या रिकाम्या करायच्यात. मला एकट्याला जमायचं नाही."

दोघांनी मिळून त्या टाक्या उपसल्या, पाइप काढले, पंप पुसून खोक्यात घातला. मी सँडविचेस घेऊन जायचे.  एकदा बघितलं तर दोघे नुसते ओढ्याकाठी उभे. पाण्यात बारीक पिल्लांचा थवा होता, तिथेच जन्मलेली. मास्तर कौतुकाने बघत होते, आणि मला मात्र त्या पिल्लांचा राग येत होता.

पानं पिवळी झाली तेव्हा मास्तरांच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. निघायच्या दिवशी ते आमच्याकडे आले. सामान पुढे गेलं होतं, गाडी ते स्वतःच चालवत नेणार होते, खुबा तसा असताना. मी पराठे बांधून दिले. मिठी मारली. ह्यांना मिठी मारता येत नाही, कधीच आली नाही. हे गाडीभोवती फिरले, टायर दाबून बघितले आणि म्हणाले, "मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी आहे. आणि डोंगरात जाणार आहेस, विंटर टायर्स घातलेच नाहीस?"

"वाटेत घालतो," मास्तर म्हणाले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा वेळ तिथेच राहिला. मग गेले. कोपऱ्यावर वळताना इंडिकेटर दिला नाही. एरवी ते ह्यांच्या नजरेतून सुटलं नसतं.

आम्ही आत आलो. हे दाराशीच थांबले, कोट अंगातच.

"अगं," म्हणाले, "मी बरोबर केलं ना?"

हा प्रश्न ह्यांनी मला कधी विचारला नव्हता. बरोबर काय ते ह्यांना ठाऊकच असायचं. आणि मला विचाराल तर मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की नव्हतं करायला हवं. काय बिघडलं असतं? एका ओढ्यात दर वसंतात थोडी जास्तीची पिल्लं पडली असती, दोन म्हातारे शनिवारी भिजून घरी आले असते. मी एवढे महिने हेच मनात घोळवत होते, आणि आता ते स्वतःहून विचारत होते. मी तोंडही उघडलं होतं.

पण त्यांच्याकडे बघितलं. कोटाचं बटण धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर केलंत."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं, आणि त्यांच्या अंगातला कोट काढून घेतला.